खुराडं, भाग तिसरा

सोमवार, १९ सप्टेंबर १९८३

सकाळी कपडे धुतले. वारा चांगला होता, दुपारपर्यंत वाळले. स्केगनेसहून बेरिलचा फोन आला. ती माझी थोरली बहीण. म्हणाली, "रोज थोडं लिहीत जा एनी, बरं वाटतं." म्हणून लिहायला बसले आहे. अजून तरी काही वाटलेलं नाही.

सिरिल ८ तारखेला गेला. त्या गुरुवारी चहाच्या वेळेला मी मागच्या दारातून नेहमीसारखी हाक मारली. आला नाही. थोड्या वेळाने पुन्हा मारली. मग शेडमध्ये गेले. तो खुर्चीत बसलेला होता. समोर कॉम्प्युटरला जोडलेला जुना टीव्ही चालू होता, त्यावर अक्षरं होती. डॉक्टर येईपर्यंत मी सगळी बटणं बंद केली. उगाच वीज कशाला जाळायची. दफन मागच्या बुधवारी झालं.

दुपारी रेग ओडलिंग आला. ईस्टगेटवर त्याचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, गुरांच्या लिलावाची पत्रकं, आणि गेली दोन वर्षं सिरिलचं मासिक. मासिकाचं नाव 'सोळा के'. के म्हणजे यंत्राला किती लक्षात राहतं त्याचं माप, असं सिरिल सांगायचा. आमच्या टपाल कचेरीतली बाई मात्र वर्षभर समजत होती की हे वजन कमी करणाऱ्यांचं मासिक आहे. ज्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला आहे आणि आता त्याचं काय करायचं ते ज्यांना कळत नाही, अशा लोकांसाठी ते आहे. त्यात प्रोग्राम छापतात, ओळींमागून ओळी. लोक ते समोर ठेवून आपापल्या यंत्रात टाइप करतात.

रेग टोपी हातात धरून बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. शेवटी म्हणाला, "एनिड, खुराड्याचं काय करायचं?"

'खुराडं' हा सिरिलचा कोंबड्यांचा खेळ. फार मोठा झाला म्हणून त्याने तीन भाग केले. पहिला ऑगस्टच्या अंकात गेला, दुसरा सप्टेंबरच्या. मी विचारलं, दोन भागांवर लोकांचं भागणार नाही का.

"भिंती झाल्यात, छप्पर नाही," रेग म्हणाला. "चारशेच्या वर घरांत लोक बिनछपराचं खुराडं घेऊन बसलेत. तिसरा भाग तयार असेल ना?"

तयार होता. शेडमधल्या खणात होता, त्या रुपेरी कागदाच्या अरुंद पट्टीवर. सिरिलचं छोटं यंत्र तसाच कागद बाहेर टाकतं. त्यावरून छपाई नीट होत नाही म्हणून तो सगळं पुन्हा माझ्या टाइपरायटरवर टाइप करायचा, दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून.

रेग म्हणाला, "पण टाइप कोण करणार?"

मी नगरपालिकेत तीस वर्षं टाइपिस्ट होते. हे रेगला माहीत आहे. मला वाटतं त्याने मुद्दामच विचारलं.

सिरिल पाणीखात्यात होता तेव्हा रस्ता खणला तर बुजवूनच घरी यायचा. कोणाच्या दारात खड्डा ठेवला नाही. खुराडं पूर्ण जायला हवं, आणि त्याने केलं तसंच जायला हवं. बाकी मासिकाचं काय होईल ते होवो.

रेग निघताना म्हणाला, "त्या दिवशी पडद्यावर काय होतं?"

"अक्षरं."

"कॅसेटच्या टेपवर उतरवून घेतलीस का बंद करायच्या आधी?"

मी म्हटलं, टेप कसली. तो बाहेर जाऊन आमचं फाटक नीट लागतं का ते बघत बसला. ते नीटच लागतं.

गुरुवार, २२ सप्टेंबर

तिसरा भाग टाइप करून झाला. सकाळी बसले, दुपारच्या जेवणापर्यंत संपलासुद्धा. सिरिलला आठवडा लागायचा.

मजकुराला काही अर्थ नाही, पण नगरपालिकेच्या पत्रांनाही फारसा नसे. शेवटच्या ओळी तर नुसते आकडे आहेत. माझा टाइपरायटर १९३८चा आहे. त्यावर एकचं बटण नाही आणि शून्याचंही नाही, तेव्हाच्या पुष्कळ यंत्रांवर नसे. मिस थॅकरनी टायपिंगच्या वर्गात शिकवलं होतं त्याप्रमाणे एकच्या जागी लहान एल मारायचा आणि शून्याच्या जागी मोठा ओ. हाताला इतकी सवय आहे की विचारही करावा लागत नाही.

पट्टीवर पुष्कळ शून्यांना तिरकी रेघ आहे, यंत्राने स्वतःचंच लिहिलेलं खोडल्यासारखी. सिरिल तेही उचलायचा. रविवारी जेवण झालं की टाइप केलेली पानं घेऊन या टेबलाशी बसायचा आणि बारीक काळ्या पेनाने गोलांवर रेघा मारायचा. सगळ्यांवर नाही, काहींवर. काही पुरुष पाइप ओढतात. मी कधी विचारलं नाही, पण चांगलं पान असं बरबटलेलं मला बघवत नसे.

मी रेघा घेतल्या नाहीत. पानं अगदी स्वच्छ निघाली.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

पानं छापखान्यात नेऊन दिली. रेगने उजेडात धरून पाहिली. "इतकं देखणं काम सिरिलने मला जन्मात दिलं नाही," म्हणाला. "त्याची पानं म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेलेली."

मग म्हणाला, "शेवटच्या पानावर अर्धी जागा आहे. सिरिलबद्दल दोन ओळी टाकूया?"

मी म्हटलं, जागा नाही.

"आहे म्हणून तर सांगतोय."

मी म्हटलं, तिथे काहीतरी जाहिरात असेल. तो म्हणाला, असेल. तिथे बियाण्याच्या बटाट्यांची जाहिरात गेली.

येताना खाटकाकडून थोडं हॅझलेट घेतलं, डुकराच्या मांसाचं, थंडच खायचं. सवयीने जास्त घेतलं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

अंक सोमवारी टपालात पडले. आज पहिला फोन आला.

"मिस्टर डॅनट आहेत का? मी पेनहॅलो. पेंझन्सहून बोलतोय, कॉर्नवॉल."

"आत्ता नाहीत."

"कधी येतील?"

"सांगता येणार नाही."

"बरं. त्यांच्या तिसऱ्या भागाबद्दल विचारायचं होतं. मी बंदरात पायलट होतो, बाई, जहाजं आत-बाहेर न्यायचो. दोन बोटांनी टाइप करतो, पण ती दोन बोटं शहाणी आहेत. चारदा तपासलं. कोंबड्या येतात, कोल्हा येतो, मग सगळं थांबतं."

मी म्हटलं, निरोप देते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, असं म्हणायला नको होतं. पण तो काही पुन्हा फोन करणार नाही.

सोमवार, १० ऑक्टोबर

फोन सकाळपासून वाजतोय. लीड्सचा एक माणूस, नॉरिचची एक शिक्षिका, आणखी एक जण ज्याने नाव सांगितलं नाही, फक्त श्वास टाकत होता आणि मग म्हणाला, "ओळ चारशे वीस."

लीड्सच्या माणसाने विचारलं, "तिथे ओ आहे की शून्य?"

मी म्हटलं, "दोन्ही एकच."

त्याने धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

बेरिल आलेली आहे, उकडलेलं हॅम घेऊन. ती टेबलाशी बसून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "एनी, तू काय सांगत असतेस या लोकांना?"

"सिरिल आत्ता नाही असं."

"आत्ता?"

"खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण वेड लागल्यासारखं आहे. परत येईल असं वाटतं ऐकून. स्पष्ट सांग आणि मोकळी हो. तो कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाक, घर बंद कर, माझ्याकडे ये. समोरची खोली रिकामी आहे. समुद्र दिसतो."

"तुझ्या खोलीतून बसचा डेपो दिसतो."

"डेपोच्या मागे दिसतो," बेरिल म्हणाली. हॅम कापून झाल्यावर तिने तीन ताटल्या काढल्या आणि एक परत ठेवली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

टपालाने पत्रं आली. सगळी खुराड्याबद्दल. बहुतेक सभ्य आहेत. ब्रॅडफर्डच्या एका गृहस्थाने लिहिलं आहे: 'डॅनटसाहेबांनी हा भाग झोपेत टाइप केलेला दिसतो. पूर्वी त्यांच्या कामावर विसंबता येत असे. प्रसिद्धी डोक्यात गेली की असं होतं.'

सिरिल झोपेत काहीही करत नसे. घोरतसुद्धा नसे. मी पत्र घडी करून परत पाकिटात घातलं. मग पुढच्या खोलीतले पडदे काढून धुतले, ते स्वच्छ होते तरी.

पडदे दोरीवर घालते आहे तेवढ्यात पुन्हा मिस्टर पेनहॅलोंचा फोन.

"मिस्टर डॅनट?"

"बाहेर गेलेत."

"बरं." ते म्हणाले, "मग तुम्हालाच सांगतो. एक ओळ अशी आहे, बाई: ओ बरोबर ओ. हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एवढं सांगून यंत्र काही करत नाही."

मी म्हटलं, मी बघते. मीच का म्हटलं कोण जाणे.

पडद्यांकडे परत न जाता सरळ ईस्टगेटवर गेले. साखरेचं बीट वाहणाऱ्या गाड्यांनी रस्ता चिखल करून ठेवला आहे. रेगला विचारलं, ओ आणि शून्य यांत काय फरक असतो.

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याने मला मागे नेलं, जिथे छपाईच्या जुन्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या आहेत. "हा ओचा खण. हा शून्याचा. माझ्या बापाने शिकवलं तेव्हा यातलं त्यात गेलं की कानाखाली बसायची. दिसायला जुळे, पण एकाच्या अंथरुणात दुसरा झोपत नाही."

"मग माझी पानं छापताना तुला दिसलं नाही?"

"अगं, आता मी वाचतो कुठे? पानाचा फोटो काढतो आणि छापतो. पान देखणं होतं." मग त्याने ओचा खण आत सरकवला. "तू सगळीकडे ओ मारलास, एनिड?"

"तीस वर्षं मारते आहे. नगरपालिकेत कोणी तक्रार केली नाही."

"नगरपालिकेतली माणसं वाचतात, त्यांना कळतं. यंत्राला कळत नाही. त्याला ओ म्हणजे ओ. एलचं निभतं, खेळात सगळी अक्षरं मोठीच असतात, लहान एल म्हणजे एक हे लोक ओळखतात." त्याने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "सिरिल हाताने रेघा मारायचा, त्या शून्याच्या. रेघ असली की शून्य, नसली की ओ. मला वाटलं तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. म्हणजे रविवारी तो ते करत होता.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

बेरिल सकाळच्या बसने गेली. तिला स्टँडवर सोडून आले आणि रुपेरी पट्टी घेऊन बसले. माझं पान शेजारी. पट्टीवर रेघवालं शून्य आणि साधा ओ, माझ्या पानावर नुसते ओ. इतके की पान बघवेना. कोणत्याही पानाबद्दल मला असं पूर्वी वाटलं नव्हतं.

दुपारी मी स्वतः पेंझन्सला फोन लावला. परक्या पुरुषाला मी कधी फोन करत नाही. नाव सांगितलं आणि म्हटलं, "मूळ कागद माझ्याकडे आहे. मी वाचते, तुम्ही टाइप करा."

"थांबा, चष्मा घेतो," ते म्हणाले. कुठून बोलता, कशाला, काही विचारलं नाही.

पहिल्या दोनतीन ओळींतच गोंधळ झाला. मी ओ म्हणायचे, त्यांना वाटायचं मी अहो म्हणते आहे. शून्य म्हटलं तर ते मोठ्याने तसंच म्हणायचे, आणि त्यांच्या खोलीत बसलेली बायको विचारायची कोणाला शून्य म्हणतायत. शेवटी मिस्टर पेनहॅलो म्हणाले, "या खेळात ओ म्हणजे कोंबडीचं अंडं आहे, बाई. पडद्यावर कोंबडीच्या मागे ओ दिसतो, तो गोळा करायचा. तेव्हा ओला अंडं म्हणा, शून्याला रिकामं म्हणा."

त्यानंतर सोपं गेलं. "अंडं बरोबर रिकामं," मी वाचलं. तीच ती ओळ.

"म्हणजे सुरुवातीला अंडी किती, तर काही नाहीत," ते म्हणाले. "आता कळलं. छापून आलं त्याप्रमाणे सुरुवातीला अंडी होती तेवढी."

असं कोणी समजावून सांगितलं असतं तर मीही काही विचारलं असतं सिरिलला. त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही इतर गोष्टी बोलत असू.

निम्मं झालं. उरलेलं उद्या करायचं ठरलं. आज त्यांनी सिरिल कुठे आहे हे विचारलं नाही. विसरले असावेत.

शनिवार, १५ ऑक्टोबर

मिस्टर पेनहॅलोंनी सकाळीच फोन केला. म्हणाले, बोटी बाहेर गेल्यात, बायको बाजारात गेलीय, यंत्र गरम आहे. मी मागच्या दाराशी फोनची तार येईल तिथवर खुर्ची ओढली, कारण तिथे उजेड चांगला आहे. तिथून शेड दिसते.

शेवटची ओळ झाली. ते म्हणाले, "लावतो आता." मग मला फोनमधून टकटक ऐकू येत राहिली आणि ते मध्येमध्ये सांगत होते: कोंबड्या आल्या. कोल्हा आला. एक अंडं घेतलं. दुसरं. कोल्हा कुंपणाशी आला. तिसरं हुकलं, पुन्हा मागे गेलो. अंधार पडायला लागला, पडदा काळा होतोय. चौथं. मग बराच वेळ काही नाही.

"सगळी अंडी झाली, बाई. कोल्हा गेला. शेवटच्या ओळींतल्या त्या आकड्यांचं खाली एक वाक्य झालंय."

"काय?"

"चहा झालाय सिरिल, आत ये."

मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे."

"हो का."

"मी रोज मागच्या दारातून म्हणते. त्याने मला विचारायला हवं होतं, छापायच्या आधी." आणि मग म्हटलं, "त्या दिवशीही म्हटलं होतं. दोनदा म्हटलं." मग म्हटलं, "मिस्टर पेनहॅलो, मिस्टर डॅनट येणार नाहीत."

"नाही, बाई. मला वाटलंच होतं."

"कधीपासून?"

"अंक आला तेव्हापासून. पहिल्या दोन भागांवर एक माणूस पेन घेऊन बसलेला दिसत होता. तिसऱ्यावर कोणी बसलेलं नव्हतं."

"मग तुम्ही फोन करून त्यांना का विचारत होतात?"

"काहीतरी विचारायला हवं ना. एकदम खुराड्यावर कसं यायचं."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी माझे मानले. मग दोघांनी फोन ठेवला. पट्टीची गुंडाळी करून रबर लावलं. दुपारी अंगणातली पानं झाडली.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

दुरुस्तीचं पत्रक काढायचं, प्रत्येक वर्गणीदाराला पाठवायचं. तिसरा भाग संपूर्ण पुन्हा, बरोबर. तेवढं ठरलं. वर चार शब्द काय लिहायचे त्यावर रेगशी भांडण झालं.

मी लिहिलं होतं: 'काही अपरिहार्य कारणांमुळे.'

रेगने वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे सिरिलने बाटली धरली."

"असं कुठे लिहिलंय?"

"अपरिहार्य कारणांचा अर्थ तोच असतो. तो ब्रॅडफर्डवाला तर नाचेल."

मग मी लिहिलं: 'टाइप करणाऱ्याच्या चुकीमुळे.'

"टाइप सिरिलच करतो हे दोन वर्षं सगळ्यांना माहीत आहे. त्याने स्वतः अंकात लिहिलंय, दोन बोटांबद्दल विनोद केलाय." रेग समोर बसला. मला त्याचा राग आला होता आणि त्याला तो दिसत होता. "हे बघ एनिड. चूक तुझी होती असं लिहिलंस तर लोक विचारतील सिरिल काय करत होता. चूक कोणाची ते लिहिलं नाहीस तर ती त्याच्या नावावर. तिसरा रस्ता तू सांग."

मी म्हटलं, विचार करते. तो गेल्यावर विचार केला. तिसरा रस्ता नाही.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

फोनवर बेरिलला विचारलं, 'वारला' लिहू की 'निधन पावला'. ती रडायला लागली. मला उत्तर मिळालं नाही.

रविवार, २३ ऑक्टोबर

हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं एक तास मागे घेतली. सिरिलचं मनगटी घड्याळही घेतलं. चहाच्या वेळेला आता अंधार असतो. बाकी काही नाही.

बुधवार, २६ ऑक्टोबर

टाइप केलं ते असं:

'खुराडं'च्या तिसऱ्या भागात ओ आणि शून्य यांची सरमिसळ झाली आहे. चूक मी केली. मी टाइपिस्ट आहे, मला यातलं कळत नाही. मिस्टर सिरिल डॅनट ते पान तपासू शकले नाहीत, कारण ते ८ सप्टेंबरला वारले. त्यांच्या मूळ कागदावर एकही चूक नव्हती. पेंझन्सच्या मिस्टर पेनहॅलो यांनी तो चालवून पाहिला आहे. एनिड डॅनट.

त्याखाली वेगळ्या ओळीत त्याचं नाव आणि दोन वर्षं, १९२० आणि १९८३. ही ओळ लिहायची ठरली नव्हती. हात तिथवर गेला.

रेगने छापखान्यात उभ्या उभ्या वाचलं. "'कारण'च्या पुढचा भाग फार छोटा झालाय," म्हणाला.

"मोठा कसा करू?"

त्याने पुन्हा वाचलं. "नको," म्हणाला. मग पान माझ्या हातात परत दिलं. "पण हे मी असं छापणार नाही."

"का? आता काय चुकलं?"

"अगं, सगळे ओच आहेत अजून. यंत्र बदललंस का तू? रेघा कुठायत?"

खरंच होतं. मी पट्टीवरून प्रत्येक अक्षर पडताळून टाइप केलं होतं आणि तरी शून्याच्या जागी ओ मारला होता, कारण या टाइपरायटरवर दुसरं काही मारताच येत नाही. रेग हसायला लागला. थांबेना. शेवटी टोपीने डोळे पुसले. मलाही थोडं हसू आलं.

"सोमवारी आण," तो म्हणाला. "आणि जास्त देखणं करू नकोस."

रविवार, ३० ऑक्टोबर

चर्चला जाऊन आले. जेवणाला मटणाचा छोटा तुकडा भाजला, तोही उरला. बेरिलचा फोन आला. नाताळात चार दिवस येईन म्हटलं. राहायला येणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "डेपो पाडणार आहेत." मी म्हटलं, पाडू दे, मग बघू.

जेवणाची भांडी घासली. टेबल पुसून वाळू दिलं. सिरिलचं बारीक काळं पेन शेडमधून आणलं. तिथे जायला हरकत नव्हती, फक्त थंडी होती. यंत्रावर टाकलेला भांडी पुसायचा टॉवेल सरकला होता, तो नीट केला.

मग बसले. डावीकडे पट्टी, उजवीकडे पान. पट्टीवर बोट ठेवायचं, पानावर तोच गोल शोधायचा, रेघ मारायची. अंड्याला नाही, रिकाम्याला. सुरुवातीच्या रेघा जाड आल्या. पेन तिरकं आणि हलकं धरायचं असतं, ते दुसऱ्या पानावर कळलं. जीभ दातांत आली होती, तेही कळलं, आणि आत घेतली. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच होती.

तिसरा भाग संपला तेव्हा उजेड गेला होता. दिवा लावला. शेवटी वरचा मजकूर राहिला. त्यात यंत्राला वाचायचं काही नाही, माणसांनी वाचायचं आहे. तरी एकदा बघून घेतलं. त्याच्या नावाखाली, १९२०मध्ये, एक शून्य होतं. ते कोणी ओ वाचणार नाही.

त्यालाही रेघ मारली, आणि शाई वाळेपर्यंत पान तसंच टेबलावर राहू दिलं.